वऱ्हाडचा पैसा आणि दिल्लीतलं मत

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याच्या परिसरातला महसूल कोणाच्या तिजोरीत जायचा, याचा निकाल 1724 मध्ये तलवारीने लागला. निजाम-उल-मुल्क आणि मोगल सुभेदार मुबारिजखान यांची लढाई इथेच झाली, मुबारिजखान पडला आणि निजामाने गावाचं नाव ‘फत्तेखेर्डा’ ठेवलं. पुढे 1853 मध्ये हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमचाच त्यांच्याकडे गेला. दर वेळी पैसा इथल्या कास्तकाराचा होता, पण त्याला विचारलं कोणीच नाही.

त्याच 1902 च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. देश दुष्काळातून जेमतेम सावरत असताना सरकार शिलकीचा अभिमान कसा बाळगतं, हा त्यांचा सवाल होता. मिठावरच्या करावरही त्यांनी बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मात्र तेव्हाच्या सभासदांना अंदाजपत्रकावर फक्त बोलता येई. मत देता येत नसे.

आता मत आहे. कायद्याशिवाय कर बसवता येत नाही आणि कायद्याशिवाय देशाच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही बाहेर निघत नाही, असं राज्यघटनेची 265 आणि 266 ही कलमं सांगतात.

साखरखेर्ड्यातल्या खातेदाराच्या मोबाइलवर पीएम किसानच्या दोन हजारांचा मेसेज येतो, तो याच वाटेने. ही योजना पीयूष गोयल यांनी 1 फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर केली. ती 1 डिसेंबर 2018 पासून लागू धरलेली होती. त्यामुळे सरत्या वर्षासाठी 20 हजार कोटी आणि पुढच्या वर्षासाठी 75 हजार कोटी, अशा दोन तरतुदी दाखवाव्या लागल्या. वर्ष संपण्याआधी जादा पैसा लागला तर सरकार पुरवणी मागण्या आणतं. निवडणूक तोंडावर असेल तर काही महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान घेतं. पूर्ण अर्थसंकल्प मग नवं सरकार मांडतं. त्या वर्षी तो 5 जुलैला निर्मला सीतारामन यांनी मांडला.

एरवीचा क्रम ठरलेला आहे. 2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला येतो. सर्वसाधारण चर्चा होते, मग अधिवेशनाला काही आठवड्यांची सुट्टी मिळते आणि त्या काळात विभागवार स्थायी समित्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. या समित्या 1993 पासून आहेत आणि सचिवांना समोर बसवून खरे प्रश्न तिथेच विचारले जातात. त्यानंतर लोकसभा मागण्यांवर मतदान करते, मग विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक मंजूर होतं. राज्यसभा 14 दिवसांत शिफारशी करू शकते. त्या मानणं न मानणं लोकसभेच्या हाती.

मग खासदाराच्या हातात नेमकं काय? मागणी कमी करा किंवा फेटाळा, असं तो म्हणू शकतो. वाढवा असं म्हणू शकत नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या मार्गासाठी खासदार सभागृहात बोलू शकतो, मंत्र्यांकडे खेटे घालू शकतो, पण स्वतःच्या सूचनेने एक रुपयाची तरतूद घालू शकत नाही. शिवाय व्याजासारखा ‘भारित’ खर्च मताला टाकलाच जात नाही. 2025-26 च्या सुमारे 50.65 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात एकट्या व्याजाचे 12.76 लाख कोटी आहेत.

उरलेल्यावर कपात सूचना देता येते. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा, एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शंभर रुपयांनी कमी करा, अशा तिच्या तऱ्हा. पण ती मंजूर होणं म्हणजे सरकारने बहुमत गमावणं. त्यामुळे पक्षादेश निघतो आणि 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तो मोडणाऱ्याची खासदारकीच पणाला लागते. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथली काँग्रेस खर्चाचे आकडे स्वतः बदलते आणि एकमत झालं नाही तर सरकारी कचेऱ्या बंद पडतात. 2018-19 मध्ये असा पेच 35 दिवस चालला.

आपल्याकडे गाडी अडत नाही, उलट फार सुसाट जाते. चार-पाच मंत्रालयांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी बाकीच्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. यालाच गिलोटिन म्हणतात. 2018 आणि 2023 मध्ये तर गोंधळात एकाही मंत्रालयावर चर्चा न होता सगळ्या मागण्या मंजूर झाल्या. 2023 मधला एकूण अर्थसंकल्प होता 45 लाख कोटींचा. गोखल्यांकडे मत नव्हतं, पण त्यांचं भाषण सरकारला ऐकावं लागलं. आजच्या खासदाराकडे मत आहे, पण ते तो बहुतेकदा न बोलताच देतो.

स्थायी समित्यांचे अहवाल आणि सभागृहातली भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. तेव्हा मत मागायला उमेदवार गावात आला की समाजमंदिराच्या निधीसोबत एवढंही विचारा: शेती खात्याच्या मागण्यांवर तुम्ही कधी बोललात आणि काय बोललात?