चाकांवरचे घर – लेखांक ९ : ‘खोटा’ ठरवलेला गजर

मागील लेखांकात जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधील, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या घरातील, प्रोपेनच्या शेगडीची, फ्रिजची आणि खोली तापवणाऱ्या फर्नेसची ज्योत कशी पारखावी याचे विवेचन झाले. या ज्योतींना हवा अपुरी पडली की रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझर ज्याच्यामुळे जीव घेतो, तो हाच वायू.

अमेरिकेतील यूएल २०३४ या मानकानुसार बनलेला अलार्म वायूचे प्रमाण आणि तो साचून राहिलेला वेळ या दोहोंचा हिशेब ठेवतो : हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असल्यास तो १ ते ४ तासांत, १५० भाग असल्यास १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भाग असल्यास ४ ते १५ मिनिटांत वाजला पाहिजे. त्यामुळे तो गप्प आहे म्हणून हवा शुद्ध आहे असे ठरत नाही, आणि सकाळी घरातील सर्वांचेच डोके दुखत असेल तर अलार्मच्या साक्षीची वाट पाहण्याचे कारण नाही.

चार टिपा, विराम, पुन्हा चार टिपा असा गजर झाल्यास सर्वांनी आधी बाहेर पडावे आणि ९११ वर अग्निशमन दलाला बोलवावे. दोष शोधण्याचे काम त्यानंतरचे. अर्ध्या-एक मिनिटाने होणारी एकच ‘टिक’ मात्र बहुधा वीज कमी पडल्याची किंवा अलार्मचे आयुष्य संपल्याची खूण असते. जुन्या अलार्मचे आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षांचे असून त्याची तारीख पाठीवर छापलेली असते. चाचणीचे बटण भोंगा आणि विद्युत्मंडल तपासते, वायू ओळखणारा संवेदक नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. तारीख उलटलेली नसेल तर अलार्मच्या तारांवरच मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावे, आणि तेही फर्नेसचा पंखा व पाण्याचा पंप चालू ठेवून, कारण गंजलेल्या जोडांमुळे होणारी घट भार पडल्याशिवाय उघडकीस येत नाही, विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी अशा वेळी अलार्मपर्यंत त्याहून बरेच कमी पोहोचवताना आढळते.

सर्वांत गोंधळात टाकणारा प्रसंग निराळाच आहे. ट्रेलर तळावरच्या विजेला जोडलेला आहे, एकही ज्योत पेटलेली नाही, आणि तरीही मध्यरात्री पूर्ण गजर होतो. मालक त्याला खोटा ठरवून तार तोडून टाकतो. विद्युत्‌-रासायनिक संवेदकात कार्बन मोनॉक्साइडचे विद्युदग्रावर ऑक्सिडेशन होऊन सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, परंतु हायड्रोजनचेही तसेच ऑक्सिडेशन होत असल्याने संवेदकाला दोघांत भेद करता येत नाही. हा हायड्रोजन येतो तो पलंगाखालच्या कप्प्यातील शिसे-आम्लाच्या बॅटरीतून : तळावरच्या विजेचे १२ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा जुना कन्व्हर्टर बॅटरी भरल्यावरही प्रवाह ढकलत राहिला, किंवा बॅटरीचा एखादा कोष निकामी झाला, की आतले पाणी उकळल्यासारखे फसफसते. हवेत ४ टक्क्यांपुढे गेलेला हायड्रोजन ठिणगीने भडकतो, म्हणजे अलार्मने नाव चुकीचे सांगितले तरी धोका खराच सांगितला. अग्निशमन दलाने हवा निर्धोक ठरवल्यावर बॅटरी गरम वा फुगलेली आहे का, पाण्याची पातळी उतरली आहे का, हे पाहावे. सडक्या अंड्यांचा वास मात्र बॅटरी बिघडल्याचा एकटा पुरावा मानू नये, कारण प्रोपेनमध्ये मिसळलेल्या गंधद्रव्याचा वासही जवळपास तसाच असतो.

केसांचा फवारा किंवा मद्यार्काची वाफ काही जुन्या संवेदकांना फसवते. खिडकी उघडल्यावर गजर थांबला म्हणून तेच कारण होते असे मात्र सिद्ध होत नाही, खरा वायूही त्याच खिडकीतून निघून जातो.

बऱ्याच जुन्या ट्रेलरमध्ये जमिनीलगत बसवलेली अलार्मची डबी केवळ प्रोपेन ओळखणारी असते. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने ती जागा त्याला योग्य आहे, पण त्या डबीला कार्बन मोनॉक्साइड मुळीच कळत नाही. तेव्हा जुना ट्रेलर विकत घेणाऱ्याने डबीवरील मजकूर वाचून, गरज असल्यास दोन्ही वायू ओळखणारा अलार्म बसवून घ्यावा. सर्व उपकरणे निर्दोष असूनही गजर होत असेल तर शेजारच्या जनरेटरचा धूर कोठून शिरतो ते शोधावे : नळ आणि तारांसाठी तळाला पाडलेली भोके व दाराची झिजलेली रबरी पट्टी ही नेहमीची ठिकाणे होत.