हृदयाभोवतीची चरबी

हृदयाभोवतीची चरबी म्हणजे हृदयाच्या पृष्ठभागावर आणि हृदयाला वेढणाऱ्या आवरणाच्या लगत असलेले मेद-ऊतक होय. तिचा काही भाग प्रत्येक निरोगी माणसात असतोच. मात्र हृदयाच्या स्नायूला चिकटून असलेली चरबी प्रमाणाबाहेर वाढल्यास कोरोनरी धमनीविकाराचा, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होण्याचा धोका वाढलेला आढळतो. ही चरबी बाहेरून दिसत नाही आणि शरीराच्या वजनावरून तिचा नेमका अंदाज येत नाही. सडपातळ बांधा व मधुमेह एकत्र आढळणाऱ्या भारतीय लोकसंख्येत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे.

स्थान व रचना

हृदयावरण ही दुपदरी पिशवी असते. तिचा आतला पदर आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये असलेल्या चरबीला एपिकार्डियल चरबी म्हणतात. पिशवीच्या बाहेर साठणारी चरबी पॅराकार्डियल म्हणून ओळखली जाते. दोन्हींचा रक्तपुरवठा निराळा आहे आणि गर्भावस्थेतील उगमही निराळा आहे. अनेक जुन्या अभ्यासांत दोन्हींना मिळून पेरिकार्डियल असे एकच नाव दिलेले असल्याने त्यांतील आकडे परस्परांशी ताडून पाहताना सावध राहावे लागते.

एपिकार्डियल चरबी हृदयाचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग झाकते आणि हृदयाच्या एकूण वजनात तिचा वाटा सुमारे २० टक्के असतो. कोरोनरी धमन्या बहुतांशी याच चरबीतून जातात. चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये कोणताही पडदा नसतो. दोघांना रक्तही त्याच सूक्ष्म वाहिन्यांतून मिळते. त्यामुळे चरबीत तयार होणारी द्रव्ये थेट धमनीच्या भिंतीपर्यंत व स्नायूपर्यंत पोहोचू शकतात. पोटातील किंवा मांडीवरील चरबीला ही सोय नाही.

कार्य

सामान्य स्थितीत ही चरबी उपकारकच असते. हृदयाला लागणारी बरीचशी ऊर्जा मेदाम्लांपासून मिळते आणि ही चरबी त्यांचा जवळचा साठा ठरते. ती धमन्यांना आधार देते, तसेच ॲडिपोनेक्टिनसारखी दाहशामक द्रव्येही स्रवते.

कोरोनरी धमनीविकाराशी संबंध

चरबीच्या पेशी फुगत गेल्या की तिचा स्वभाव पालटतो. ॲडिपोनेक्टिन कमी होते आणि दाह वाढवणारी द्रव्ये अधिक स्रवू लागतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या हृदयावरील आणि पायाच्या त्वचेखालील चरबीचे नमुने घेऊन त्यांची तुलना करण्यात आली. माणूस तोच असूनही हृदयावरील चरबीत दाहकारक द्रव्ये कितीतरी अधिक आढळली.

शरीररचनेतही याला पूरक असे एक निरीक्षण आहे. काही माणसांत कोरोनरी धमनीचा छोटा भाग चरबीतून न जाता स्नायूच्या आतून जातो. याला स्नायुसेतू म्हणतात. त्या भागात धमनीच्या आतील मेदयुक्त थर सहसा फारसे साचत नाहीत. अर्थात तेथील रक्तप्रवाहाचा दाबही वेगळा असल्याने सारे श्रेय चरबीच्या अभावाला देता येत नाही.

जर्मनीतील एसेन, बोखुम व म्यूलहाइम या शहरांतील चार हजारांहून अधिक व्यक्तींवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एपिकार्डियल चरबी दुप्पट असलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्यासारख्या घटनांचा धोका सुमारे दीडपट आढळला, आणि वय, रक्तदाब, धूम्रपान इत्यादी घटक विचारात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. तरीही संबंध म्हणजे कारण नव्हे. केवळ ही चरबी घटवल्याने झटके टळतात, हे उपचारांच्या चाचण्यांतून अद्याप सिद्ध झालेले नाही.

सडपातळ शरीर आणि पुण्यातील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी तुलना केली होती. गावांतील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तिकडच्यांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडील बालकांत स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

या अभ्यासांत हृदयावरील चरबी मोजलेली नव्हती. परंतु एपिकार्डियल चरबीचे प्रमाण वजनापेक्षा पोटाच्या आतील चरबीशी अधिक जुळते, हे इतर अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून वजनाचा काटा निर्दोष आकडा दाखवत असला तरी हृदय सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मापन

इकोकार्डिओग्राफीत उजव्या जवनिकेच्या भिंतीवरील चरबीची जाडी मोजतात. ही पद्धत सोपी व स्वस्त आहे, पण ती एकाच जागेची जाडी सांगते. सीटी स्कॅनने संपूर्ण घनफळ मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्यापुढे जाऊन सीटी चित्रात धमनीलगतच्या चरबीची घनता तपासण्याची पद्धत विकसित केली. दाह असलेल्या धमनीजवळील चरबीत मेद कमी व पाण्याचा अंश जास्त असतो आणि तो फरक चित्रात पकडता येतो.

उपचार व प्रतिबंध

आहारनियंत्रण, नियमित व्यायाम आणि वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेने ही चरबी कमी होते. लिराग्लुटाइड व डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांनीही ती घटलेली आढळली आहे.

महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे तिचे आजचे नाव. अँजिओप्लास्टी व बायपास यांसारखे उपचार तिच्यात मिळतात. पण ते धमनीत अडथळा निर्माण झाल्यानंतरचे आहेत. बिलोलीसारख्या तालुक्यातील गावांत त्याआधीच्या टप्प्यावर हाताशी असलेले साधन म्हणजे मोजपट्टी. आशा कार्यकर्ती तीस वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी जी तपासणी-सूची भरतात, तिच्यात वय, तंबाखू, मद्य, व्यायाम व कुटुंबातील आजारांबरोबर कंबरेच्या घेराचाही प्रश्न असतो. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेपासून पुढे गुण वाढत जातात. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीला रक्तदाब व रक्तशर्करेच्या तपासणीसाठी प्राधान्याने बोलावले जाते. या सूचीत वजनाला गुण नाहीत.