मृग, माग आणि मृगया

शिकार म्हणजे केवळ वध, असा समज नागर वाचकांत रूढ आहे. भाषेचा पुरावा मात्र निराळे सांगतो. ह्या कर्मास मराठीत तीन शब्द आहेत. शहागंजसारख्या बहुभाषी बाजारपेठेत कोणालाही सहज कळणारा ‘शिकार’ हा फार्सी. खेड्यापाड्यांत टिकलेला ‘पारध’ हा प्राकृतातून आलेला. आणि ग्रंथांतला ‘मृगया’ हा संस्कृत. यांपैकी शेवटचा विशेष उद्बोधक आहे.

वैदिक भाषेत ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू. सिंहास मृगेंद्र व वानरास शाखामृग म्हणतात, ते ह्या जुन्या अर्थामुळेच. पुढे तो हरणापुरता आकुंचित झाला. इंग्रजी ‘डिअर’ शब्दाचा इतिहासही असाच आहे. त्याचा जर्मन सोयरा ‘टीअर’ आजही पशुमात्राचा वाचक आहे. धातुपाठात ‘मृग्’ धातूचा अर्थ अन्वेषण, म्हणजे शोध, असा दिला आहे. ‘मार्ग’ हा शब्द ह्याच कुळातला. मूळ अर्थ श्वापदाची वाट. त्यापासून मराठीत ‘माग’ आला, आणि ‘मागणे’ हे नित्याचे क्रियापदही त्याच परिवारातले. सारांश, ह्या शब्दकुळाच्या मुळाशी मारणे नाही, शोधणे आहे.

हा शोध कसा चाले, हे प्राण्यांच्या नावांवरून दिसते. ‘हरिण’ हे नाव पिंगट रंगावरून पडले. ‘चितळ’ हे ‘चित्रल’, म्हणजे ठिपकेदार, ह्यावरून आले. ‘काळवीट’ ह्या नावात प्रौढ नराचा काळा रंग स्पष्टच आहे. भेकर दाट झाडीत दिसण्याआधी ऐकू येते, आणि त्याचे नाव ‘भेकणे’ ह्या क्रियापदाची आठवण करून देते. वाऱ्याचा रोख सांभाळून, श्वास रोखून बसलेल्या माणसास प्रथम जे जाणवे, तेच नावात उतरले. आकाशातही मृगाच्या मागे व्याध उभा आहे, आणि मराठी शेतकरी पावसाची वाट त्या मृगाच्याच नावाने पाहतो.

आज हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहिलेला नाही. मागाची विद्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्या पारधी समाजाची बोली भिल्ली-गुजराती गटाशी निगडित आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात तिची नोंद आहे. परंतु त्या सर्वेक्षणाची भिस्त मुख्यतः एका ठरावीक कथेच्या भाषांतरावर व शब्दसूचीवर होती. खुरांच्या खुणांचे, चाहुलीचे शब्द त्यात उमटणे कठीण. शिवाय हैदराबाद संस्थान, आणि म्हणून मराठवाडा, त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या धोरणाचा कलंक पारध्यांनाही लागला; तो कायदा १९५२ मध्ये गेला, कलंक तितक्या लवकर गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा अपराध ठरला, आणि ते योग्यच झाले. तथापि क्रिया थांबली की तिचे शब्दही मुके होतात.

अभयारण्यातील गणना करणारास आजही पावलांचे ठसे, लेंड्या व ओरखडे वाचावेच लागतात. माग काढण्याची गरज संपलेली नाही, तिचा हेतू पालटला आहे. म्हणून वृद्ध पारध्यांकडून हे शब्द, त्यांच्या संमतीने व त्यांना श्रेय देऊन, टिपून घेणे हे मराठवाड्यातील भाषाभ्यासकाचे निकडीचे कार्य होय. श्वापदांचा माग त्यांनी काढला. त्यांच्या शब्दांचा माग आता आपण काढावयास हवा.