माणदेशातून कोकण किनाऱ्यावर पायी सहल: निघण्यापूर्वी काय काळजी घ्याल?

दहिवडी, म्हसवड, गोंदवले भागातून अलीकडे अनेक कुटुंबे कोकणात पायी सहलीला जातात. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असे उतरून गुहागरला पोहोचायचे; तिथून वाटाड्यासोबत पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला यायचे, फेरीबोटीने जयगड खाडी ओलांडायची आणि मालगुंडवरून गणपतीपुळे गाठायचे. चार-पाच दिवस, रोज आठ-दहा किलोमीटर, तेही रमतगमत. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बऱ्याच रुग्णांना अशी सहल जमू शकते. मात्र तपासणीच्या वेळी एक वाक्य वारंवार ऐकू येते: "डॉक्टर, आम्ही माणच्या उन्हात वाढलो, कोकणचं ऊन काय करणार?" हा समज अपुरा आहे.

माणचे ऊन आणि किनाऱ्यावरचे ऊन यात फरक काय?

शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. माण हा पर्जन्यछायेतला कोरडा प्रदेश. इथे घाम आला की लगेच वाळतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावर हवेत आधीच भरपूर बाष्प असते. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ शरीराबाहेर जाते, पण अंग पुरेसे थंड होत नाही. म्हणून गावाकडे 38 अंशांत शेतात काम करणारा माणूस किनाऱ्यावर 33 अंशांतही थकू शकतो. दमट उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सहल त्याआधीच संपते.

त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पहिल्या दिवशी कमी चाला. पहाटे निघून अकराच्या आत मुक्काम गाठा, उरलेले अंतर साडेचारनंतर.

पाणी किती आणि कोणते?

तहान लागेल तसे, थोडे थोडे पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजा. खूप घाम गेल्यावर नुसतेच साधे पाणी भरमसाट पिऊ नका. त्याने रक्तातले मीठ कमी होऊ शकते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा.

किडनीच्या रुग्णांनी शहाळ्याबाबत विशेष जपावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकणे जड जाते. कोकम सरबतात साखर असते, हे मधुमेहींनी विसरू नये. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर सहलीसाठी ती किती बदलायची हे डॉक्टरांनाच विचारा.

गोळ्या आणि इन्सुलिन

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. घाम आणि गोळी मिळून उठताना चक्कर येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका; निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी भेटून डोस ठरवून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना आणि त्या रात्रीसुद्धा उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, एकाएकी चिडचिड झाली तर थांबून साखर तपासा. 70 पेक्षा कमी असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बरे वाटल्यावर काहीतरी खाऊन घ्या. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

पाय आणि गुडघे

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर वाळूवर अनवाणी चालण्याचा मोह टाळा. तापलेल्या वाळूचा चटका किंवा खडकांवरच्या कालवांची धार लागलेली कळतही नाही. वापरून सैल झालेले बूट घाला, मोज्यांचे जादा जोड ठेवा आणि भिजलेले मोजे लगेच बदला. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या घरच्या माणसाकडून तपासून घ्या. फोड आला तर फोडू नका.

गुडघेदुखी असलेल्यांनी ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच पायावर सतत ताण येतो. मधूनमधून सपाट रस्त्यावर या.

धोका कसा ओळखाल?

डोके दुखणे, मळमळ, पेटके, चक्कर: लगेच सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात आराम पडला नाही तर दवाखाना गाठा.

बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे: हा उष्माघात असू शकतो. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" असे मानू नका. चालताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते.

कोणी सहल पुढे ढकलावी?

गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, चालताना छातीत दुखत असेल, पायावर जखम असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर आत्ता जाऊ नका.

बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी आपला आजार, गोळ्यांची यादी आणि घरचा फोन नंबर वाटाड्याला द्यावा. संकोच वाटून लपवलेला आजार वाटेत जास्त महागात पडतो. आणि घरच्यांनो, सोबतचे वडील किंवा आई "मी ठीक आहे" म्हणत मागे पडत असतील, तर सगळ्यांनीच थांबा. रमतगमत चालायचे म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचे.