जुन्या बुलेटचे मिसिंग : प्रथम काय तपासावे?

दुधाच्या किटल्या लादून निघालेली जुनी बुलेट वाटेतच मिसिंग मारू लागली, की दूध नासण्याची धास्ती पडते. अशा वेळी कार्बुरेटर खोलण्याची घाई केली जाते. वास्तविक दोष पुष्कळदा पॉइंटमध्ये असतो.

१९५५ मध्ये मद्रास येथे जिची जुळणी सुरू झाली, त्या ३५० सी. सी. बुलेटमध्ये पॉइंट उघडतात त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. कॅमवर घासणारी टाच झिजून ही फट कमी होत जाते. फट योग्य असूनही चालू इंजिनात पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील व साफ केलेले पॉइंट लवकरच काळे पडत असतील, तर कंडेन्सर बिघडला असे समजावे. थंड असता नीट चालणारे व तापताच अडखळणारे इंजिनही हाच संशय दर्शविते.

प्लगवर कोरडी काजळी असल्यास पेट्रोल अधिक जाते. तेलकट ओल असल्यास ऑइल वर चढते.

दोन-तीन किलोमीटरांवर इंजिन धापा टाकू लागले आणि टाकीचे झाकण उघडताच सुधारले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. ते बारीक तारेने मोकळे करावे. यास दमडीही लागत नाही!

एका वेळी एकच दुरुस्ती करून गाडी चालवून पाहावी. ठिणगी पाहण्यासाठी प्लग बाहेर काढून किक मारताना जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे.