धनराजकडे ऑलिंपिक पदक नाही, मग?

राणीसावरगावात हॉकीचा विषय निघतो तो ऑलिंपिक आलं की. टोकियो आणि पॅरिसला लागोपाठ दोनदा ब्राँझ मिळाल्यापासून त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "धनराज पिल्लेचा उगाच गाजावाजा झाला. चार ऑलिंपिक खेळला, पदक एकही नाही."

यातले आकडे खरे आहेत. बार्सिलोना, अटलांटा, सिडनी, अथेन्स. भारत सातवा, आठवा, सातवा, सातवा. पण हे क्रमांक संघाचे आहेत, धनराजचे नव्हेत. मैदानात अकरा जण उतरतात, एवढं तरी लक्षात ठेवायला नको का?

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली. युरोपातली पोरं टर्फवरच वाढली, आपली मात्र मातीवर आणि गवतावर. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत धनराज आणि त्याचे भाऊ मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन शिकले. टर्फवर पेनल्टी कॉर्नरचं महत्त्व वाढलं आणि नव्वदच्या दशकात नेमका खात्रीचा ड्रॅगफ्लिकर भारताकडे नव्हता. आघाडीचा खेळाडू वर्तुळात घुसून कॉर्नर मिळवून देईल. तो जाळ्यात घालायचं काम दुसऱ्याचं. पुढे जुगराज सिंग आला, तर अथेन्सच्या आदल्या वर्षी मोटार अपघातात त्याची कारकीर्दच थांबली. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकही बदलला. या सगळ्याचा हिशेब धनराजच्या नावावर कसा मांडता?

सिडनीत शेवटच्या साखळी सामन्यात पोलंडने अखेरच्या मिनिटांत १-१ अशी बरोबरी केली, नाहीतर भारत उपांत्य फेरीत होता. तो गोल पडला नसता तर आज हा वाद घालणाऱ्यांचं मत वेगळं असतं. खेळाडू तोच आणि खेळही तोच असता.

आता त्याने काय केलं ते बघा. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला दुसरा खेळाडू नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. बक्षीस काय, तर त्यानंतर 'विश्रांती' म्हणून त्याला आणि इतर सहा ज्येष्ठांना संघाबाहेर ठेवलं गेलं. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू धनराज होता आणि तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. गोल किती, म्हणाल तर १७० च्या वर असं तो स्वतः सांगतो; भारतीय हॉकी महासंघाने अधिकृत नोंदच ठेवली नाही. मग गोल मोजून तुलना करणारे कुठल्या वहीतून मोजतात?

"तो आपला नाहीच" हेही कानावर येतं. जन्म खडकीचा, मातृभाषा तमिळ, मराठी अस्खलित. विषय संपला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हॉकी राष्ट्रीय खेळ आहे : नाही, असा कुठलाही खेळ जाहीर झालेला नसल्याचं क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारात कळवलं. १९३२ च्या ऑलिंपिकमधल्या २४-१ विजयामुळे तो भारतीय संघ जगज्जेता ठरतो : संघ थोर होताच, पण त्या स्पर्धेत फक्त तीन देश होते आणि हा सामना यजमान अमेरिकेशी झाला. त्यात दहा गोल रूपसिंगचे होते, ध्यानचंदचे नव्हेत. १९८० च्या मॉस्को सुवर्णाच्या वेळी बहिष्कारामुळे पुरुषांचे सहाच संघ उतरले होते. ते सुवर्ण कमअस्सल ठरत नाही, पण त्याच मापाने धनराजला मोजू नका.

आणि कमी लेखलेला खेळाडूच शोधायचा असेल तर बलबीरसिंग सीनियर घ्या. तीन ऑलिंपिक सुवर्णं, १९५२ च्या अंतिम सामन्यात भारताच्या सहापैकी पाच गोल एकट्याचे. किंवा बँकॉकचा गोलरक्षक आशिष बल्लाळ घ्या. दक्षिण कोरियाविरुद्धचा तो अंतिम सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला, आणि बल्लाळने स्ट्रोक अडवले नसते तर कर्णधार धनराजचं ते सुवर्णही आज दिसलं नसतं.