चीनमधला पहिला महिना

चीनमध्ये उतरलेल्या परदेशी माणसाला २४ तासांत पोलिसांकडे आपला पत्ता नोंदवावा लागतो. हॉटेलात उतरलात तर काउंटरवरचा माणूस पासपोर्ट घेऊन ते काम परस्पर उरकतो. होस्टेलात किंवा ओळखीच्या कुणाच्या खोलीवर राहिलात, तर ही नोंद झाली की नाही, हे आपणच बघायचं. राहून गेली तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. नाशिकहून वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला निघालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही साधी गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही. कॉलेज रोडला, कॅनडा कॉर्नरला एजंटांच्या ऑफिसात फीचे हप्ते, विद्यापीठाचं मानांकन आणि होस्टेलचे चकचकीत फोटो सगळं मिळतं. तिथलं रोजचं जगणं मात्र मुलाने तिथे पोचल्यावर शोधायचं, असाच रिवाज पडला आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या गावात आहे, तिथून मुलं इतक्या अपुऱ्या तयारीने जावीत, हे मला बरं वाटत नाही.

कागदांपासून सुरुवात करू. १८० दिवसांपेक्षा जास्त शिकायला जाणाऱ्याला ‘एक्स-१’ व्हिसा मिळतो. त्याने फक्त देशात शिरता येतं. उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो. त्याला पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, प्रवेशासोबत आलेला ‘जेडब्ल्यू’ फॉर्म, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि पोलीस नोंदणीची पावती लागते. यातला कुठलाही मूळ कागद सामानाच्या बॅगेत टाकू नये. बॅग मागे राहिली तर महिना तिथेच बिघडतो. परवान्याचं काम चालू असताना पासपोर्ट १५ दिवसांपर्यंत कार्यालयात अडकतो, तेव्हा मिळालेली पावती जिवापाड जपायची. परवान्याची मुदत संपली आणि लक्षात आलं नाही, तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड पडतो. पासपोर्ट नवा काढला तर १० दिवसांत परवान्यावरची नोंद बदलून घ्यावी लागते. पोरं नेमकी ही नोंद विसरतात.

आणखी एक. लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांची आमिषं विद्यार्थ्यांना हमखास येतात. विद्यापीठाची आणि इमिग्रेशनची परवानगी न घेता असं काम केलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर कोठडीही. चार पैसे मिळवायच्या नादात पाच वर्षांचं शिक्षण पणाला लावू नये.

पहिल्याच दिवशी अडतं ते पैशांवाचून. भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळा व्यवहार मोबाइलवर, ‘अलीपे’ किंवा ‘वीचॅट पे’ने चालतो. आपल्या यूपीआयच्या सवयीमुळे हे नवं वाटत नाही, पण आपलं यूपीआय तिथे भाजीवाल्याकडे चालेल, या भ्रमात राहू नये. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड २०२३ पासून या दोन्ही ॲप्सना जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के कापले जातात. म्हणून भाजी-जेवणाला कार्ड ठीक आहे. फी आणि मोठ्या खर्चासाठी तिथल्या बँकेत खातं उघडलेलं बरं. खात्याला स्थानिक मोबाइल नंबर लागतो. सिमकार्ड पासपोर्ट दाखवल्यावर मिळतं आणि घेताना चेहऱ्याचा फोटो काढला जातो. तेव्हा आधी सिम, मग बँक, मग ॲप, हाच क्रम धरावा.

आता घरच्यांशी बोलणं. तिथल्या नेटवर व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब, फेसबुक यांतलं काहीच उघडत नाही. तिथे सगळे ‘वीचॅट’वर, आणि ते ॲप भारत सरकारने जून २०२० मध्ये आपल्याकडे बंद केलं. म्हणजे मुलाकडे आहे ते आईकडे नाही आणि आईकडे आहे ते मुलाकडे चालत नाही. पहिल्या आठवड्यात घराघरांत जी रडारड होते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. यावर सोपा उपाय म्हणजे भारतीय सिम चालू ठेवून त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घ्यायचं. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप चालतं. बँकांचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात, तेव्हा हे सिम बंद पडू देऊ नये. रोमिंग महाग पडतं म्हणून रोजच्या गप्पांसाठी ईमेल किंवा दुसरी सोय आधीच ठरवून, निघण्यापूर्वी घरातल्या घरात तपासून बघावी. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. नाशिकला रात्री ९ वाजता फोन केला, की तिकडे साडेअकरा झालेले असतात आणि मुलाचा सकाळी ८चा तास असतो.

खाण्याची चिंता घरातल्या मोठ्यांना सगळ्यात जास्त. कॅन्टीनमध्ये भात, नूडल्स, वाफवलेले पाव, टोफू आणि परतलेल्या भाज्या स्वस्तात मिळतात. मात्र शाकाहारी दिसणारी भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. मांस नको, मासे नको, डुकराची चरबी नको, अंडं चालेल, एवढं चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवावं आणि खिडकीवरच्या बाईला दाखवावं. हातवाऱ्यांपेक्षा हे फार चांगलं चालतं. मूग, शेंगदाणे, तीळ, आलं, लसूण, कोथिंबीर, जिरं सगळं तिकडे मिळतं. सिचुआनकडच्या जेवणात जीभ बधिर करणारं जे मिरं असतं, ते आपल्या कोकणातल्या तिरफळाचंच भावंड. ज्याने तिरफळ घातलेली आमटी खाल्ली आहे, त्याला ती चव परकी वाटणार नाही. होस्टेलच्या खोलीत जास्त वॅटची शेगडी किंवा कुकर लावायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारावं. सामानात कोरडा चिवडा, मेतकूट, मसाले, पापड न्यावेत. द्राक्षं आणि कुठलीही ताजी फळं-भाज्या, बियाणं, लोणी-चीजसारखे दुधाचे पदार्थ मात्र कस्टमवाले काढून घेतात.

नळाचं पाणी कुणी पीत नाही. होस्टेलात, स्टेशनात, रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याची टाकी असते आणि सगळे आपापला थर्मास भरून घेतात. दवाखान्यात, ऑफिसात कुणी पाणी विचारलं तर समोर येतं ते गरमच. नवा मुलगा आधी कंटाळतो, मग हिवाळ्यात त्याच थर्मासला चिकटून राहतो. कारण थंडी खरी असते. हार्बिनला पारा उणे २०च्या खाली जातो, पण तिथल्या इमारती आतून गरम असतात. चिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी ही सीमा मानली, तर तिच्या दक्षिणेला सरकारी मध्यवर्ती हीटिंग नसतं. वुहान, हांगचौ या शहरांत बाहेर ३-४ अंश आणि खोलीतही जवळपास तसंच. निफाडचा कडाका सोसलेल्यालाही ही ओलसर थंडी बोचते. दक्षिणेकडे जाणाऱ्या मुलाला उबदार कपडे कमी देऊ नयेत.

आजारी पडल्यावर थेट डॉक्टरसमोर जाऊन बसता येत नाही. आधी काउंटरवर किंवा मशीनवर नाव नोंदवून, विभाग निवडून नंबर घ्यायचा, पैसे भरायचे. डॉक्टरने तपासण्या लिहून दिल्या की पुन्हा पैसे, मग तपासणी, मग परत डॉक्टर, मग औषधाचे पैसे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना आरोग्य विमा सक्तीचा असतो आणि त्याचा हप्ता वर्षाला ८०० युआन आहे. भरपाई हवी असेल तर प्रत्येक वेळी ‘फापियाव’ म्हणजे अधिकृत बिल मागून घ्यायचं. रुग्णवाहिकेचा नंबर १२०, पोलिसांचा ११०, अग्निशमन दलाचा ११९. हे तीन नंबर आणि बीजिंगच्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये असावेतच.

पण या सगळ्या गोष्टी एकाच किल्लीने उघडतात, ती म्हणजे चिनी भाषा. वर्गातलं शिक्षण इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. त्याला पोटात नेमकं कुठे दुखतं, हे जो विचारू शकत नाही, तो मुलगा इंटर्नशिपभर भिंतीला टेकून उभा राहतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले, तेव्हा त्यांच्याकडे ॲप नव्हतं, एजंट नव्हता. युद्धाच्या धामधुमीत, यानानच्या गुहाघरांच्या मुलखात राहून त्यांनी चिनी आत्मसात केली, त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. वयाच्या ३२व्या वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. चीनमध्ये आजही ‘क दिह्वा’ या नावाने त्यांची आठवण काढतात. पुढे १९४७ मध्ये वसंत परांजपे भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि नेहरू-माओ भेटीत दुभाषी म्हणून बसले. आपल्याकडच्या माणसाला ही भाषा जमत नाही, असं कुणी म्हणू नये. नाशिकमध्ये असतानाच सहा महिने आधी धडे सुरू करावेत.

शेवटचा मुद्दा सर्वांत महागडा आहे. नोव्हेंबर २०२१ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम असा की, परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीची पात्रताही मिळायला हवी. चीनमध्ये ही नोंदणी चिनी भाषेतल्या परीक्षेतून जाते. भारतात परतल्यावरची परीक्षा वेगळीच. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून ती देणारे ४०,४१७ विद्यार्थी होते, उत्तीर्ण झाले ६,३८७. बीजिंगच्या भारतीय दूतावासाने हे आकडे सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतःच्या सूचनापत्रात छापले.

म्हणून पालकांना हात जोडून सांगणं आहे: पहिला हप्ता भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी मागा. इंटर्नशिप त्याच संस्थेच्या रुग्णालयात मिळेल का, चिनी कधीपासून आणि आठवड्याला किती तास शिकवणार, आणि तिथल्या नोंदणी परीक्षेला बसण्याची पात्रता मिळेल का. उत्तर एजंटाच्या तोंडून नको, विद्यापीठाच्या लेटरहेडवर हवं. ते आलं नाही, तर पैसे भरू नका.